रुमालाने पुसलेला शब्द

मी एक जुना माइक आहे, मित्रांनो, चर्चच्या व्यासपीठावर मान वाकडी करून उभा असलेला. माझी जाळी पूर्वी चांदीसारखी चमकत असे. आता तिच्यात वर्षानुवर्षांची थुंकी वाळून बसली आहे. पाळकसाहेबांचा खोकला, खजिनदारांचे लसणाचे ढेकर, लग्नातल्या भाषणांचे शिंतोडे, सगळे माझ्याच तोंडावर. कोणी कधी पुसले नाही. किळस आली तरी माइकला तोंड फिरवता येत नाही.

एकदा एक नर्सताई आल्या. स्तनांच्या कॅन्सरची तपासणी करणारी गाडी दर महिन्याला आमच्या फाटकाशी उभी राहणार होती.

"बायका दवाखान्याचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात," त्या पाळकसाहेबांना म्हणाल्या. "हाताला लागायच्या आधी गाठ मशीनला दिसते. तुम्ही फक्त सांगा."

पाळकसाहेबांनी सांगितले. कसे? "भगिनींनो, बाहेर... अं... आरोग्याची एक गाडी आहे." झाले! गाडी यायची, उभी राहायची, ऊन खायची, रिकामी परतायची.

शेवटी नर्सताई हिरमुसून आल्या. "डिझेल तेवढंच, माणसं तेवढीच, आणि बायका येतात दोन-तीन. एकेकीमागे केवढा खर्च पडतो! या खेपेला गाडी भरली नाही, तर बंद."

"बरं झालं," खजिनदार म्हणाले. "देवाच्या दारात असले घाणेरडे विषय नकोतच." जिभेवर झुरळ आल्यासारखे त्यांनी तोंड केले. मित्रांनो, त्यांच्या ढेकरांचीही मला इतकी शिसारी कधी आली नव्हती.

ऑर्गन वाजवणारी पाळकसाहेबांची धाकटी बहीण हे ऐकत होती. रविवारी पाळकसाहेब पुन्हा त्या "अं..." वर येऊन अडले, तशी ती उठली, व्यासपीठावर आली आणि तिने माझी मान स्वतःकडे वळवली.

"दादा, आई कशानं गेली ते सांग ना."

"अगं, इथे नको..."

"ताप म्हणून सांगितलंस सगळ्यांना. शालीखाली जखम चिघळली होती. वास लपवायला आपण खिडक्या उघड्या ठेवायचो." मग ती बाकांकडे वळली. "स्तनांचा कॅन्सर. बाहेरची गाडी त्याच्या तपासणीची आहे. मी चालले. कोण येतंय?"

 मग मागच्या बाकावरून एक आजी उठल्या. "अगोबाई, आणि मी समजत होते तिथे बीपी मोजतात! चल गं सूनबाई, माझी पर्स घे."

रांग फाटकाबाहेर गेली. गाडी टिकली. आणि तिच्यात पहिली गाठ सापडली ती त्या बहिणीचीच, वाटाण्याहून लहान.

त्या रविवारी चर्च रिकामे झाल्यावर खजिनदार माझ्याजवळ आले. खिशातून रुमाल काढला आणि मला खसाखसा पुसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! थुंकीनंतर नाही, ढेकरानंतर नाही, त्या शब्दानंतर.

ऑपरेशन होऊन ती बहीण आता परत आली आहे. एक हात जरा जपून ऑर्गन वाजवते. पाळकसाहेब दर महिन्याला तो शब्द पुरता उच्चारतात, कान लाल होतात तरी.

मित्रांनो, मला जरूर पुसा, पण खोकल्यानंतर पुसा. तो शब्द राहू द्या. आजवर माझ्या तोंडावर पडलेले तेवढेच स्वच्छ होते.