चार गिअर मागे, एक पुढे

पिकअपचं जुनं इंजिन तेल पिऊन पिऊन एकदाचं गप्प झालं, तेव्हा मिस्त्रींच्या लेकीने सरळ सांगितलं की आता ही भंगारात जाणार. गॅरेज आता तीच चालवत होती आणि जागेची चणचण होती. मिस्त्रींच्या ते जिव्हारी लागलं. याच गाडीतून त्यांनी बायकोला घरी आणलं होतं. ती गेल्यापासून ते रोज दुपारी जेवून गाडीच्या पुढच्या सीटवर तासभर बसत. आता हे लेकीला सांगायचं कसं? त्यांची जीभच रेटेना.

शेवटी अट ठरली. रविवारी भंगारवाला येईल. त्याच्यादेखत गाडी स्वतःच्या बळावर चढावरच्या पेट्रोल पंपापर्यंत गेली तर राहील, नाहीतर जाईल.

चाळीस वर्षांत मिस्त्रींनी कुणाचा सल्ला घेतला नव्हता, तो आताच कशाला घेतील? एक मोडीत निघालेली बोट गाठून त्यांनी तिचं इंजिन आणलं. बोटीत दोन इंजिनं होती, दिसायला सारखी. त्यातलं कमी गंजलेलं त्यांनी उचललं. लेक डोकवायला आली की ते इंजिनावर ताडपत्री ओढायचे. आठवडाभर खपून त्यांनी नव्या बैठका वेल्ड केल्या, रेडिएटर चार बोटं पुढे सरकवला आणि शनिवारी इंजिन सुरू करून पाहिलं. पहिल्याच किल्लीला धडधडलं. स्वारी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाली.

रविवारी पहिला गिअर टाकून क्लच सोडला, तर गाडी मागे जाऊन टायरच्या ढिगावर आदळली. दुसऱ्या गिअरला ती आणखी जोरात मागे गेली. भंगारवाला पोट धरून हसायला लागला. दोन इंजिनांच्या बोटीत एक उजवीकडे फिरतं आणि एक डावीकडे, हे मिस्त्रींना माहीतच नव्हतं; त्यांनी उचललं होतं ते नेमकं उलटं फिरणारं. गाडीला आता मागे जायला चार गिअर होते आणि पुढे जायला एकच, तो म्हणजे रिव्हर्स.

मिस्त्री हटले नाहीत. रिव्हर्स टाकून ते चढाला लागले. मागचा पांढरा दिवा पेटलेला, भोंगा पीं पीं करतोय आणि गाडी निघालीय पुढे. मागून येणारे ती आपल्या अंगावर येणार म्हणून घाबरून थांबत होते. वेग असा की लेक खिडकीशी बोलत आरामात चालत होती.

"बाबा, इंजिन आणताना मला का नाही विचारलंत?"

"तू नको म्हणाली असतीस."

"नसते म्हणाले. त्याच्या शेजारचं आणा म्हणाले असते."

पंप आला. अट पुरी झाली, पण अशा गाडीचं करायचं काय, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी इंजिन बंद केलं.

"मग आता काय करायचं गं?" त्यांनी विचारलं.

लेक दार उघडून शेजारी बसली. मागचा अ‍ॅक्सल उलटा करून बसवला की गिअर सरळ होतील, दोघांनी मिळून केलं तर दोन दिवसांचं काम, असं ती म्हणाली. मग तिने विचारलं की एवढा हट्ट तरी कशासाठी?

"ही गेली असती तर दुपारी मी तुझ्या आईशी बोललो कुठे असतो?"

लेकीने खाली गॅरेजमध्ये फोन लावला आणि भंगारवाल्याला घरी जायला सांगितलं.