टाचेतला केस

थोरलीचं कुत्र्यांचे केस कापायचं दुकान होतं आणि तिथे ती अनवाणीच वावरायची. चपलांच्या आवाजाला कुत्री बिचकतात, असं तिचं म्हणणं. कुत्री खूश होती, पण तिची उजवी टाच काही दिवसांपासून ठणकत होती.

दिसायला नुसता एक लाल ठिपका. पण वडिलांचंही असंच एका ठिपक्यावरून सुरू झालं होतं. साखरेचा आजार निघाला आणि शेवटी पाऊल कापावं लागलं. म्हणून तिने घरात ब्र काढला नाही. लपवलं की दुखणं कंटाळून निघून जाईल, अशी आपली वेडी आशा!

पण धाकट्या जावेच्या नजरेतून काही सुटेल तर शपथ. रविवारी सकाळी थोरलीला चवड्यावर चालताना तिने पकडलंच.

"नाच शिकताय की काय?"

"गप गं."

"जाऊबाई, बसा इथे. पाय दाखवा."

बसावंच लागलं. वडिलांचं सांगता सांगता थोरलीला रडू फुटलं. धाकटी चेष्टा विसरली.

"उद्या रक्त तपासायला दोघी जाऊ. आज हा ठिपका बघू."

कोमट पाण्याच्या टबात पाय बराच वेळ बुडवून ठेवला, साबणाने धुतला, पुसला. खिडकीच्या उजेडात धाकटीने चिकटपट्टी लावून ओढली. काहीच नाही. मग कातडी हलकेच ताणली, तर ठिपक्यातून एक पांढरं टोक डोकावलं. स्पिरिटने पुसलेला भुवयांचा चिमटा लावून तिने ते अलगद बाहेर काढलं.

केस! आखूड, ताठ, सुईसारखा.

"हा त्या चावऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याचा!" थोरली ओरडली. "मेल्याला दातांनी जमेना, म्हणून केसाने चावला!"

दोघी हसत सुटल्या. थोरलीच्या हसण्यात रडणंही होतं, पण ते आता सुटकेचं होतं.

सोमवारी प्रयोगशाळेतच रक्ताचा अहवाल हातात मिळाला. साखर अगदी व्यवस्थित. धाकटी बसथांब्याकडे वळली, तर थोरलीने तिचा हात ओढला.

"चालत जाऊ."

"एवढ्या लांब?"

"हो, एवढ्या लांब."

आणि वडिलांना शेवटी जे जमलं नव्हतं, ते ती घरापर्यंत मनसोक्त करत राहिली, टाच पुरती टेकवून.