ओलं पॉलिश

चर्चची लाकडी जमीन पॉलिश करायची तर वेदीपासून सुरुवात करायची आणि मागे सरकत सरकत दारातून बाहेर पडायचं, हे नवशिक्यालाही कळतं. पण आमचा पॉलिशवाला त्या दिवशी मनातल्या मनात धाकट्या भावाशी भांडत होता, आणि त्या भरात त्याने दारापासूनच हात चालवायला घेतला. भानावर आला तेव्हा पाठ वेदीला टेकली होती आणि समोर दारापर्यंत सगळी जमीन ओली. खिडक्या उंच, मागे भिंत. इतकी वर्षं हेच काम करून अक्कल अशी गहाण पडलेली. आता वाळेपर्यंत बसा इथेच.

आणि नेमकी हीच जागा तो टाळत आला होता. आई गेली त्या रात्री तिच्या उशाशी बसायची पाळी धाकट्याची होती. त्याचा डोळा लागला, आणि आई एकटीच गेली. धाकट्याने पाय धरले, रडला, पण याने तोंड फिरवलं ते फिरवलंच. तेव्हापासून उपासनेत या वेदीपाशी प्रभुभोजनाची भाकर वाटायची वेळ आली की हा खोकल्याचं निमित्त करून बाहेर सटकायचा. मनात अढी ठेवून भाकर घ्यायची नाही, एवढी लाज त्याला होती. अढी सोडायची मात्र तयारी नव्हती. आज धाकटा बायकोमुलांसकट कायमचा परदेशी निघाला होता. निरोपाला जायला नको म्हणूनच याने हे काम आज काढलं होतं.

"तूच सांग," तो क्रुसाकडे बघून म्हणाला, "अशा वेळी झोपतं का कुणी?"

तेवढ्यात ऊन खिडकीतून उतरलं आणि त्या ओल्या जमिनीवर असं पेटलं, की डोळे मिटले तरी उजेड आत येतच राहिला. पळायला जागा नव्हती. त्या उजेडात कुणीतरी आपल्याकडे बघतंय हे त्याला स्वच्छ कळलं. सगळंच दिसतंय त्याला. आपण दमलो म्हणून त्या रात्री घरी जाऊन अंथरूण गाठलं, तेसुद्धा. तो घाबरला. आता आपला कान धरला जाणार, असं वाटून अंग चोरून बसला. पण कान कुणी धरला नाही. बघणाऱ्याला सगळं ठाऊक होतं आणि तरीही त्याला हा हवाच होता. पॉलिशवाला हुंदके देऊन रडला.

"दादा?" दारात धाकटा उभा होता. "गाडी बाहेर थांबलीय. म्हटलं, जाता जाता तुला..." तो वाकून बूट काढायला लागला.

"थांब तिथेच," पॉलिशवाला म्हणाला. कामाची सवय, जिभेवर तेच आधी आलं.

धाकट्याचा चेहरा पडला. "बरं," म्हणून त्याने बुटात पुन्हा पाय घातला आणि वळला.

मग पॉलिशवाला उठला आणि ओल्या जमिनीवरून तसाच धावत सुटला. मध्येच घसरून पडला, माखल्या हातांनी उठला आणि पायरीवर धाकट्याला मागून मिठी मारली.

"दादा, अरे जमीन," धाकटा म्हणाला. "सगळी खराब केलीस."

"मरू दे जमीन. त्या रात्री मीही झोपलोच होतो की रे," पॉलिशवाला म्हणाला. "तुझ्यावर राग नाही माझा. मला माफ कर, आणि मग जा."