तीन की सहा

नाना गेल्यानंतर आठ रविवार आम्ही खेळलो नाही. नवव्या रविवारी दुपारी स्वानंद आणि मैत्री न विचारता आले. मैत्री महूहून बसने येते, त्यामुळे तिला नेहमी उशीर होतो. त्या दिवशी ती आधी पोचली होती आणि स्वानंदची वाट पाहत फाटकाबाहेर उभी होती. एकटीने आत यायला जड गेलं असावं.

"ताई, खेळायचं नसेल तर नुसतं बसू," ती म्हणाली.

"नुसतं काय बसायचं," मी म्हटलं आणि टेबलावरची वर्तमानपत्रं उचलली.

आमचा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांना पोरकट वाटतो. टेबलाभोवती चौघं. एक जण गोष्ट सांगतो आणि निवाडाही करतो; ती मी, सूत्रधार. बाकीचे त्या गोष्टीतला एकेक माणूस होतात, त्याच्या तोंडून बोलतात, आणि बेत साधेल की फसेल असा प्रश्न आला की पासा टाकतात. हे वेड मूळचं स्वानंदचं, माझ्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचं. नाना, माझे वडील, चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यात शिरले. सुदामा नगरच्या त्या घरात एरवी आम्ही दोघंच. हॉलमधलं हसणं ऐकून त्यांना आतल्या खोलीत बसवेना.

स्वानंदच्या डबीत चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे पासे होते. नानांनी पहिल्याच दिवशी ते ओळीने मांडले आणि विचारलं, "पाच आणि सात कुठे गेले?"

"काकाजी, ते स्पेशल असतात. बाहेरून मागवावे लागतात."

"मागवायचे कशाला?"

पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं सुतारकाम शिकवलेला माणूस. आठवड्याभरात सागाच्या दोन कांड्या तयार झाल्या, पेन्सिलीसारख्या, पण एकीला पाच बाजू, दुसरीला सात. बाजूंची संख्या विषम असली की कांडी थांबल्यावर वर सपाट बाजू येत नाही, धार येते. म्हणून ती उचलायची आणि खाली टेकलेली बाजू वाचायची. बाजूंवर नानांनी ओळीने मराठी आकडे कोरले. हात थोडा थरथरायचा. सातच्या कांडीवरचा तीन उलटा धरला तर सहा वाटायचा.

"नाना, सहाखाली एक रेघ मारा," मी म्हणायचे.

"ज्याला वाचता येतं त्याला रेघ लागत नाही."

नव्या पाशांसाठी मी नियम केला. फेक फसली की पुढची फेक लहान पाशावर. जमिनीवर असलात तर एक पायरी लहान, पाण्यात असलात तर दोन. नानांना नियम फार आवडला. "हे खरं आहे," ते म्हणाले, "बुडणाऱ्याला पहिल्यासारखी ताकद कुठून येणार?"

शेवटच्या रविवारी त्यांचा माणूस, दौलतराव नावाचा म्हातारा नावाडी, पुरात सापडला. नाव उलटली. स्वानंद आणि मैत्रीची माणसं काठाला लागली. दौलतरावचा जीव वाचायला सहा किंवा सात हवे होते. नानांनी सातची कांडी टाकली, उचलली, आणि अंगठ्यात धरून आम्हाला दाखवली.

"सहा!"

"तीन," मी म्हटलं.

"अहो सूत्रधारबाई, चष्मा लावा."

"लावलाय. तुम्ही उलटा धरलाय."

"झालं! बाप-लेकीचा छत्तीसचा आकडा," स्वानंदने फोन काढला. "काकाजी, हलू नका. फोटो काढतो, सबूत राहील."

फोटो निघाला आणि नानांनी कांडी मुठीत मिटली.

"द्या ना त्यांना सहा, ताई," मैत्री म्हणाली.

"मान ले ना यार," स्वानंद म्हणाला.

"घरच्यांना सवलत नाही," मी म्हटलं.

वाक्य नानांचंच होतं. मी त्यांच्याच पॉलिटेक्निकात शिकले. प्रात्यक्षिकात माझा लाकडाचा सांधा जेमतेम एक सूत ढिला बसला म्हणून त्यांनी मला पुन्हा परीक्षेला बसवलं होतं, आणि वर्गासमोर हेच म्हणाले होते.

"बरं," नाना म्हणाले. "म्हणजे आता दोन पायऱ्या खाली, पाचची कांडी. पण पाचच्या कांडीवर सहा कसा पडणार गं?"

नियम करताना मी ते लक्षातच घेतलं नव्हतं. "बघू पुढच्या रविवारी," म्हटलं, आणि आम्ही उठलो.

मंगळवारी त्यांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. बुधवारी त्यांनी विचारलं, "माझं काय ठरलं?" मला वाटलं, डॉक्टर काय म्हणाले ते विचारतायत. "रविवारपर्यंत घरी," मी सांगितलं.

"तो अजून पाण्यातच आहे," ते म्हणाले.

शुक्रवारी ते गेले.

आठ रविवार मी हाच विचार करत होते, की तो सहा असेल तर? आता टेबलापाशी तिघं बसलो होतो, चौथी खुर्ची होती तिथेच. मी दोन्ही कांड्या आणून ठेवल्या. पाचची कुणी हातात घेतली नाही.

"फोटो आहे ना," स्वानंद हळूच म्हणाला. "त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकला होता. तू बघितला नाहीस?"

मी तो ग्रुप उघडलाच नव्हता. आता उघडला. नानांचा अंगठा होता, हातोडी लागून काळं पडलेलं नख. त्याच्या वर कांडीची एक बाजू, आणि त्या बाजूवर तो आकडा, कसाही वाचता येईल असा. फोटो मोठा केला तेव्हा शेजारची बाजू दिसली. अंगठ्याच्या कडेतून अर्धा आकडा डोकावत होता. चार.

सहाच्या शेजारी पाच आणि सात असतात. चारच्या शेजारी तीन.

माझं बरोबर होतं. पण आकडे ज्याने स्वतः कोरले, त्याला कांडी हातात धरल्यावर दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती. नानांना ठाऊक होतं. उभ्या जन्मात त्यांनी कुणाकडे सवलत मागितल्याचं मला आठवत नाही. त्या रविवारी मागितली होती, दोघांच्या देखत, हसत हसत.

"काय आहे?" मैत्रीने विचारलं.

"सहा," मी म्हटलं.

स्वानंद प्रत्येक फेकीवर भांडतो. त्याने आपल्या फोनवर तोच फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला, आणि बोटं तशीच थांबली.

"हो," तो म्हणाला. "सहाच आहे, यार."

मैत्रीने पाहिलंच नाही. तिने आपला फोन पालथा ठेवला.

मग मी गोष्ट पुढे नेली. दौलतरावच्या हाताला काठावरच्या झाडाचं मूळ लागलं, तो वर आला, चिखलात आडवा झाला. स्वानंदच्या माणसाने त्याला ओढून घेतलं. मैत्रीच्या माणसाने अंगावर घोंगडी टाकली. पूर उतरला, उजाडलं, दौलतराव उठून बसला.

इथपर्यंत सूत्रधाराला सांगता येतं. पाऊस, पूर, झाडं, सगळं माझं. पण माणूस काय बोलतो आणि कुठे निघतो, हे फक्त तो ज्याचा आहे त्यानेच सांगायचं असतं. म्हणून दर वेळी विचारावं लागतं. मी सवयीने समोरच्या खुर्चीकडे पाहिलं आणि विचारलं,

"दौलतराव, आता काय करता?"

आम्ही तिघंही थांबलो. एखाद्याला उत्तर सुचायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ, आणि मग त्याहूनही जास्त.