जिन्याच्या खिडकीतला घड्याळजी

“सदर इसम कोणत्याही सबळ कारणाशिवाय, वाईट हेतूने, इतर रहिवाशांच्या घरगुती कामांकडे टक लावून पाहतो, सबब त्याची खोली रिकामी करून घ्यावी.”

हे इमारतीच्या समितीचे म्हणणे. त्यातला एकच शब्द खरा होता: पाहतो. सदर इसम म्हणजे वरच्या मजल्यावरचा म्हातारा घड्याळजी. समितीतल्या प्रत्येकाचे घड्याळ त्याने कधी ना कधी चालते केलेले. सबळ कारण त्याला कुणी विचारलेच नव्हते, तेव्हा ते सापडले नाही यात नवल नाही. राहिला हेतू. दुसऱ्याच्या मनात डोकावून तो वाईट ठरवणाऱ्यांनी डोकावण्यालाच गुन्हा म्हणावे, हा धीटपणा दाद देण्याजोगा खरा.

मूळ तक्रार मात्र एका परिचारिकेची होती आणि ती खोटी नव्हती. खालच्या मजल्यावर ती सासूबाईंसह राहायची. कपडे पिळताना मान वर केली की समोर जिन्याच्या खिडकीत घड्याळजी उभा. बायको गेल्यापासून त्याचे हे सुरू झाले होते. तिच्या अंगावर काटा यायचा.

“मी इथं पडून असते, माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही,” सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, “त्याची तक्रार घेते का गं तुझी समिती?”

“आई, थट्टा पुरे.”

ठरावाआधी खोलीची पाहणी हवी, म्हणून सचिव तिला घेऊन वर गेले. दार सताड उघडे होते. घड्याळजी बादलीवर वाकून चादर पिळत होता. परिचारिका उंबऱ्यातच थबकली. त्याचा उजवा अंगठा ताठ, बाहेर काढलेला. सगळा पीळ डाव्या हाताचा. हे पिळणे तिचे होते.

“काका, अंगठा असा का धरलाय?”

“असाच धरतात ना? पाणी राहतं खरं थोडं. हात बसला की जमेल.”

“माझा लहानपणी दारात सापडून मोडला. वाकतच नाही, म्हणून मी तशी पिळते.”

घड्याळजीने आपल्या धडधाकट अंगठ्याकडे पाहिले. “अस्सं. मला वाटलं, खुबी त्यातच आहे.”

तिने खोलीभर नजर फिरवली. पलंगावरच्या चादरीचे कोपरे इस्पितळातल्यासारखे, पाकिटाच्या घडीचे. इमारतीत तसे फक्त ती घालायची. दोरीवर सदरे उलटे, तळमजल्यावरच्या शिंप्यासारखे. पातेल्यावर झाकण तिरके, खाली चमचा अडकवलेला.

“हे तर आमच्या हिचं,” सचिव पुटपुटले. त्यांचा आवाज देवघरात शिरल्यासारखा खाली आला होता.

सगळी इमारत त्या एका खोलीत नांदत होती, आपापल्या खोडींसकट. तिला स्वतःची पाकिटघडी आठवली. ती तरी कुठे तिची होती? नोकरीच्या सुरुवातीला एका करड्या वरिष्ठ परिचारिकेच्या हातांवरून तिने ती उचलली होती. त्या बाईंनी कुणाच्या हातांवरून उचलली असेल, कोण जाणे. कधीच न भेटलेली किती माणसे रोज आपल्या हातांतून काम करून जात असतील, या विचाराने ती भिंतीला टेकली.

“काका, विचारायचं होतं की आम्हाला.”

“आमच्या धंद्यात विचारत नसतात, बाई. उस्तादाच्या खांद्यामागे उभं राहायचं आणि बघायचं. प्रश्न विचारला की दुकानाबाहेर.”

संध्याकाळी सभेत परिचारिकेने तक्रार मागे घेतली. अध्यक्ष बधले नाहीत. “तक्रार मागे घेता येते, घडलेली गोष्ट नाही. बोला, पाहत होता की नव्हता? खोलीचा निकाल त्यावर.”

घड्याळजी उठला. तो बोलून खाली बसल्यावर ठराव कुणी मताला टाकलाच नाही; सचिव कागदाची घडी घालत राहिले आणि अध्यक्षांच्या आईंनी पुढच्या खुर्चीवरून लेकाकडे असे पाहिले, की खोलीचा विषय तिथेच संपला. आरोपीचा कबुलीजबाब शब्दशः असा:

“पाहत होतो. सगळ्यांकडे पाहत होतो. बायको होती तेव्हा तिच्याकडे पाहायला हवं होतं, पण तेव्हा मान घड्याळातून वर निघाली नाही. आता जा म्हणालात तर जाईन. फक्त फोडणी जळायच्या आधी आच कधी कमी करायची, ते अजून जमलेलं नाही. अध्यक्षांच्या आईंकडे तेवढं बघून मग गेलो तर चालेल का?”