नानांची पसंती

"नाना, आत बसून तरी पाहा," सुधाकरनं मागचं दार उघडून धरलं. "बाहेरून पाहून काय समजते?"

अनंतराव, म्हणजे ऑफिसातले नाना, आत बसले. बुऱ्हाणपूरच्या शनवारा दरवाज्याबाहेर लोटू मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन जुन्या मोटारी उभ्या होत्या. एक अमेरिकन, हिरवी, ऐसपैस. दुसरी इंग्रजी, काळी आणि इतकी छोटी की कौतिकनं तिला पाहताच "ही मोटार की पानाचा डबा?" असं विचारून लोटू मिस्त्रीचं तोंड पाडलं होतं. नाना बसले होते ते हिरवीत. पाठ टेकली आणि त्यांची कंबर, जी एरवी दिवसभर काही ना काही बोलत असे, ती गप्प झाली. पाय लांब करता येत होते. अशा सीटवर बसून रोज ऑफिसला जायचं, ही कल्पना गेला आठवडाभर त्यांनी मनात घोळवली होती. आणि आता बसल्यावर त्यांना तिथे बसवेना.

"कशी आहे?" कौतिकनं खिडकीतून डोकं घातलं.

"बरी आहे," नाना म्हणाले आणि लगेच उतरले.

नाना, सुधाकर आणि कौतिक, तिघंही बुऱ्हाणपूरचे. नोकरी मात्र बोरगावच्या शेतकी ऑफिसात, असीरच्या घाटापलीकडे. रोज सकाळी उतारूंची सर्व्हिस मोटार धरायची, लाकडी बाकावर अंग चोरून बसायचं, निंबोल्याला कोणाच्या तरी टोपल्या टपावर चढेपर्यंत वाट पाहायची आणि घाटातल्या प्रत्येक खड्ड्याशी कंबरेनं ओळख करून घ्यायची. तिघांत मिळून एक जुनी मोटार घ्यावी ही कल्पना सुधाकरची. त्याला चालवता येत होती. तो नवा संसारी, म्हणून त्याला कमी पेट्रोलात चालणारी हवी. कौतिकला लोकांनी वळून पाहावं अशी हवी. भांडण नको म्हणून दोघांनी ठरवलं की नाना वडीलधारे, त्यात कंबरेचे दुखणाईत, तेव्हा नाना म्हणतील ती घ्यायची. आणि नाना हिरवीच म्हणणार, हे तिघांनाच काय, लोधीपुऱ्यात नानांच्या शेजारपाजाऱ्यांनाही माहीत झालं होतं. कारण नानांच्या बायकोनं, कोकिळाबाईंनी, हिरव्या मोटारीच्या सीटवर टेकायला म्हणून कापूस पिंजून चांगली गलेलठ्ठ गादी शिवायला घेतली होती.

पण हे सगळं शनिवारच्या आधीचं.

गेल्या वर्षी राज्यांची मोडतोड होऊन नवा मध्यप्रदेश झाला. नागपूर मराठी मुलखात गेलं, राजधानी भोपाळ झाली. ग्वाल्हेरची, रीव्याची आणि इकडची नोकरमाणसं एका दावणीला बांधली गेली. त्याला एकीकरण म्हणत. ऑफिसात हा शब्द साथीचं नाव घ्यावं तसा हळू आवाजात घेतला जाई. कोणी म्हणे, मराठी कारकून रीव्याला फेकणार. कोणी म्हणे, फेकतात कशाला, घरीच बसवतील. नानांची सगळी नोकरी इंग्रजीत आणि मराठीत झाली होती. त्यांची हिंदी बाजारातली, केळीवाल्याशी घासाघीस करण्यापुरती. आणि नवे साहेब आले ग्वाल्हेरकडचे, ज्यांच्या तोंडून मराठीचा एक शब्द येत नसे.

त्यात दगाचं प्रकरण. दगा हा बोरगावातच राहणारा गोदामवाला. सर्व्हिस मोटार उशिरा पोचली की नाना उशिरा पोचत. तोवर दगा आपणच गोदाम उघडून शेतकऱ्यांना सरकीचं बी वाटून मोकळा होई. नानांनी लेखी तक्रार केली की दगा विचारत नाही. दगानं लेखी तक्रार केली की बाबू येतच नाहीत. दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. शनिवारी साहेबांनी नानांना आत बोलावलं आणि डोळे वर न करता म्हणाले, "बड़े बाबू, यह रोज़ का झगड़ा अब नहीं चलेगा. सोमवार को राजीनामा लेकर आइए. आप ही बड़े हैं, आप ही लिखिए. बात यहीं ख़त्म हो."

"जी साहेब," नाना म्हणाले.

एवढंच. का, कशासाठी, माझं काय चुकलं, यातलं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. टेबलाशी परत आले तेव्हा दौतीचं झाकण लावायचं राहिलं होतं. त्यांनी ते तसंच उघडं ठेवलं.

घरी त्यांनी काही सांगितलं नाही. कोकिळाबाई गादीची शिवण घालत होत्या. त्यांच्या तोंडाकडे बघून 'माझी नोकरी गेली' हे वाक्य बोलणं नानांना जमलं नाही. पोरीचं लग्न अजून व्हायचं होतं. रात्री त्यांना वाटलं, मेलो तर बरं, लिहावं तरी लागणार नाही. मग या विचाराचीच भीती वाटली आणि ते उठून पाणी प्यायले.

तर रविवारी लोटू मिस्त्रीच्या शेडमध्ये उभे असलेले नाना हे असे होते.

"मंग नाना? हिरवी पक्की?" कौतिक म्हणाला. "लोटूभाऊ, विसार घ्या."

"थांब," नाना म्हणाले. "काळी घेऊ."

कौतिकनं विसारासाठी खिशात घातलेला हात तसाच बाहेर काढला.

"काहून?" सुधाकर म्हणाला. "माझ्यासाठी म्हणू राहिले का? माझी फिकर नका करू. तिघांत जमते आपलं."

तिघांत जमतं, हेच तर नानांना टोचत होतं. उद्यापासून तिघं नसणार होते. हे हिरवं धूड दोन कारकुनांनी पोसायची म्हणजे त्यांच्या घरची चूल विझायची वेळ. आणि शब्द दिला म्हणून दोघं गाडी रेटतील, नानांना एका शब्दानं बोलणार नाहीत. ते त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. खरं काय ते सांगायला शरमेनं जीभ उचलत नव्हती. मग ज्या माणसानं आयुष्यात कधी मोटारीचं टोपण उघडून पाहिलं नव्हतं तो मोटारींवर बोलू लागला.

"मोठी गाडी घाटात पेट्रोल पिते. टायर महाग. आपल्याला काय वरात काढायची आहे? काळी हलकी आहे, कमी खर्चात जाईल. दोन माणसांतसुद्धा चालेल."

"दोन कोण?" कौतिक हसला. "आपण तीन आहोत ना."

"बोलायची पद्धत असते," नाना म्हणाले.

"अन तुमची कंबर?"

"कंबरेचं काय, तिला सवय आहे."

लोटू मिस्त्रीनं काळीवर फडकं मारलं. "नानाची पसंती एक नंबर," तो म्हणाला. हिरवी घेतली असती तरी त्यानं हेच म्हटलं असतं.

संध्याकाळी नाना कागद घेऊन बसले. हुकूम असा होता की सगळं हिंदीत लिहायचं. इंग्रजीत त्यांनी झकास मसुदा लिहिला असता, पण हिंदीत शब्दच सापडेनात. शेवटी वळणदार अक्षरात वर 'राजीनामा' असं लिहून त्यांनी खाली लिहिलं की, आपकी आज्ञानुसार राजीनामा पेश करता हूँ. मेरी किसी के साथ कोई तकरार नहीं. भूल-चूक माफ़ हो. खाली सही. इतक्या वर्षांची नोकरी, आणि अर्ध्या पानात मावली.

"काय लिहू राहिले?" आतून कोकिळाबाईंनी विचारलं.

"ऑफिसचं," नाना म्हणाले.

सोमवारी सर्व्हिस मोटार नेमकी वेळेवर आली. घाटात नानांनी असीरच्या किल्ल्याकडे पाहिलं. रोज दिसणारा किल्ला, पण आज त्यांनी तो नीट पाहून घेतला. उद्यापासून या बाजूला यायचं कारण नव्हतं.

साहेबांनी कागद वाचला. एकदा वाचला, मग हसले. "वाह बड़े बाबू. महीने भर का झगड़ा और आपने तीन लाइन में निपटा दिया. दिल बड़ा है आपका. अब दगा के भी दस्तख़त करा लीजिए."

माणूस घरी जातोय आणि हे हसतात. वर दगाची सही? म्हणजे ज्यानं घालवलं त्यालाच साक्षीदार करायचं? पण विचारायचं कसं हे नानांना कळेना. ते कागद घेऊन गोदामात गेले. दगा पोत्यावर बसला होता. तो उठून उभा राहिला. कागद त्यानं उलटासुलटा पाहिला, गंधासारखी बारीक सही केली आणि म्हणाला, "बरं झालं नाना. मी बी कालपासून तेच म्हणू राहिलो. एका जागी राहाचं, मंग भांडून काय करता? बसा, चहा सांगतो."

"नको," नाना म्हणाले. दगाच्या डोळ्यांत पाणी होतं, हे पाहून त्यांना राग यायचा तो आला नाही. उलट वाटलं, निदान एकाला तरी वाईट वाटतंय.

त्यांनी टेबलाचा खण रिकामा केला. चष्म्याचं घर, टाक, सुपारीची डबी, गणपतीचा छोटा फोटो. सगळं पिशवीत भरलं. मग कागद आणि गोदामाची आपल्याजवळची किल्ली नेऊन साहेबांपुढे ठेवली.

"चाबी क्यों?" साहेबांनी विचारलं. "कल गोदाम कौन खोलेगा?"

"कल?"

"कल, और क्या. आप और दगा, अब जो पहले पहुँचे वह खोले. राजीनामा हो गया ना दोनों में? सुलह हो गई, बस."

नाना उभे होते तिथेच खुर्चीला धरून राहिले. सुलह. म्हणजे समेट. यांच्या भाषेत राजीनामा म्हणजे भांडणाऱ्या दोघांनी राजी होऊन लिहून दिलेला कागद. आणि तकरार म्हणजे तक्रार नव्हे, भांडण. मराठीत त्यांनी नोकरी सोडली होती आणि हिंदीत दगाशी दोस्ती केली होती.

"क्या हुआ बड़े बाबू? तबीयत ठीक है?"

"कुछ नहीं साहेब. कंबर," नाना म्हणाले.

साहेबांनी कागदावर काहीतरी खरडलं. "इसे अपनी सर्विस फ़ाइल में लगा दीजिए. अच्छी चीज़ है, रिकॉर्ड में रहेगी."

नानांनी तो स्वतःच्या हातानं फाइलीत लावला. पिशवीतल्या वस्तू पुन्हा खणात ठेवल्या. गणपती ठेवताना त्यांना आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही. डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. कोणी तोंडानं नुसतं म्हटलं आणि आपण लिहून दिलं. का म्हणून विचारलंसुद्धा नाही. आज वाचलो ते शब्दानं वाचवलं म्हणून, आपल्या हिमतीनं नव्हे. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या खाली भीती होती तशीच बसून होती.

मंगळवारी सकाळी काळी मोटार लोधीपुऱ्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. कोकिळाबाईंनी गादी आणून हातात दिली. नानांनी ती पाठीमागे लावून पाहिली, तर गुडघे पुढच्या सीटला आणि डोकं टपाला. खाली घालून पाहिली, तर मान वाकडी. शेवटी त्यांनी ती मांडीवर घेतली.

"बसली का नीट?" कोकिळाबाईंनी खिडकीशी वाकून विचारलं.

"छान बसली," नाना म्हणाले.

पुढे रोज असंच चाललं. सुधाकर चालवायचा, कौतिक पुढे, आणि नाना मागे गुडघे छातीशी घेऊन. मागच्या सीटची उरलेली जागा कौतिकनं भाजीच्या पिशवीला आणि डब्यांना देऊन टाकली होती. घाटात गाडी आपटली की कौतिक न चुकता म्हणायचा, "नाना, हिरवी राहिली असती तं?" आणि नाना म्हणायचे, "मीच पसंत केली ना बाबा." त्यात खोटं काही नव्हतं. पेट्रोल खरंच कमी लागे. दगाशी त्यांचं चांगलं जमलं. तो कधीमधी चहा पाजायचा. लोटू मिस्त्रीकडची हिरवी शाहपूरच्या एका केळीवाल्यानं नेली. एकदा रस्त्यात ती समोरून गेली, तेव्हा नाना मान वळवून पाहत राहिले.

थंडी पडू लागली होती. एका सकाळी निंबोला मागे पडल्यावर कौतिक मागे वळला. त्याचं तोंड आनंदानं फुललं होतं.

"नाना, ऐकलं का? साहेबांची बदली झाली. नवे येऊ राहिले ते नागपूरचे आहेत. आपले मराठी."

"चला, सुटलो," सुधाकर म्हणाला. "आता बिनधास्त बोला."

"बोलायचं सोड. मी ऐकलं, माणूस मोठा कडक आहे. आल्या आल्या एकेकाची सर्विस फाइल काढून बसतो म्हणे. अगदी पहिल्या पानापासून वाचतो."

गाडी घाट चढू लागली. डाव्या बाजूला किल्ला दिसायला लागला. नानांच्या डोळ्यांपुढे मात्र फाइलीत स्वतःच्या हातानं लावलेला तो अर्ध्या पानाचा कागद होता.

"काहून नाना, गप झाले?" कौतिक म्हणाला. "तुम्हाला तं सगळ्यात जास्त खुशी व्हायला पाहिजे."

"कंबर," नाना म्हणाले, आणि मांडीवरची गादी त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली.