लाल दोऱ्याची टोपली

रॉबर्ट बहारीनहून सुटीवर आला आणि आमच्या ओट्यावर बसल्या बसल्या, चहाला हातही न लावता म्हणाला, "पांडुभाऊ, माल काळा पडला. सगळा."

आमचा आगाशीला पानमळा. आमच्या ह्यांच्या आजोबांपासून पानं मुंबईच्या बाजारात जायची. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी रॉबर्टच्या ओळखीने ती बहारीनला जायला लागली. रॉबर्ट तिथल्या एका भाजी-फळांच्या शेटजीकडे कामाला. आपल्याकडची हजारो माणसं तिथे गेलेली, त्यांना जेवणानंतर पान हवंच. भुईगावचा फर्डिनंड, म्हणजे रॉबर्टच्या बहिणीचा, मटिल्डाचा नवरा, त्याच्या टेंपोतून टोपल्या सांताक्रूझच्या विमानतळावर पोचवायचा. दोन घरांचा धंदा. कागद नाही, बोली नाही, एकमेकांच्या शब्दावर चाललेला.

"सगळा म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

"एक टोपली सोडून. ती लाल दोऱ्याची. ती उघडली तर पानं अशी, जणू आत्ता वेलावरून खुडलीत. बाकीच्यांत हात घातला तर नुसता चिखल. शेटजी म्हणाले, आणखी एक खेप बघतो. तीही अशीच आली तर कलकत्त्याची पानं घेईन. तिथले लोक दारात उभेच आहेत."

रॉबर्ट उठून गेल्यावर हे बराच वेळ चहाच्या कपाशी खेळत बसले. बहारीनच्या भरवशावर त्यांनी केळीची बाग मोडून तिथे नवे वेल लावले होते. वेल आत्ता कुठे मांडवाला लागले होते. शेटजीने हात काढला तर एवढी पानं न्यायची कुठे? मुंबईच्या बाजाराला आधीचीच जास्त होत होती.

लाल दोऱ्याची टोपली माझी. खेपेची पहिली टोपली मी भरते. पानं कोरड्या फडक्याने एकेक पुसते, देवीपुढे ठेवते, नाडाछडीचा लाल दोरा बांधते. मग ती थेट गिऱ्हाइकाच्या हातातच उघडायची, मध्ये कोणी नाही. सासूबाईंनी घालून दिलेली रीत. बाजारात जायची तेव्हाही अशीच जायची.

"कळलं ना काय झालं ते?" हे म्हणाले.

"देवीची कृपा," मी म्हटलं.

"कृपा कसली! फर्डिनंडने चांगली पानं वाटेत उतरवून बाजारात घातली आणि टोपल्यांत शिळी भरली. तुझ्या टोपलीला हात लावायची तेवढी छाती झाली नाही त्याची. देवाची म्हणून."

"फर्डिनंडभाऊ असं नाही करायचे."

"तुला काय, सगळीच देवमाणसं."

मोठ्याने बोलायची सवय नाही मला, आणि भांडून कोणाला काही पटवणं तर जन्मात जमलं नाही. पण संशयाचं असं असतं, ऐकून सोडून दिला तरी तो घरात राहतो. दुसऱ्या दिवशी मटिल्डा नेहमीसारखी माझ्या पूजेला मोगऱ्याच्या कळ्या घेऊन आली, आणि माझी नजर आधी तिच्या हातांकडे गेली. नव्या बांगड्या होत्या. टेंपोवर नवी ताडपत्री मी आदल्याच आठवड्यात बघितली होती. 

"काय गो द्वारका, अशी काय बघते?" 

"बांगड्या छान आहेत."

"रॉबर्टने आणल्या. तुलाही देते म्हटलं तर तू घालशील थोड्याच, तुला तुझा हिरवा चुडा."

हसली ती. मीही हसले. तिने ओंजळीत दिलेल्या कळ्या देवीला वाहताना मात्र माझ्या डोळ्यांपुढे बांगड्याच होत्या. रॉबर्टनेच आणल्या असतील, असं मी मनाशी म्हटलं. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, 'असतील' का म्हणतेस, 'आणल्या' का म्हणवत नाही?

शेवटची म्हणावी अशी ती खेप शुक्रवारी जायची होती. गुरुवारी जेवताना हे म्हणाले, "उद्या तू टेंपोतून जा."

"मी?"

"तुझा शुक्रवार असतो. महालक्ष्मीला जायचंय म्हणून सांग. त्याला संशय येणार नाही. पुढे बसायचं आणि तो कुठे थांबतो, काय उघडतो, एवढं बघायचं."

"व्रताच्या दिवशी पाळत ठेवायला सांगताय मला?"

"पाळत कसली? डोळे उघडे ठेव म्हणतोय. डोळे मिटून देवळात कोण जातं?"

शुक्रवारी माझं मौन असतं. उठल्यापासून देवीचं दर्शन होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. लग्न झाल्यापासून ते मोडलेलं नव्हतं. ह्यांना तेही सोयीचंच वाटलं असावं. गप्प बसलेल्या बाईपुढे माणूस सावध राहत नाही.

उजाडताना टेंपो आला. मी माझी टोपली भरून, दोरा बांधून ठेवली होती. बाकीच्या टोपल्यांवर ह्यांनी टेंपो यायच्या आधीच हाताने सपासप पाणी मारलं होतं. फर्डिनंड पाठमोरा होऊन टेंपोचा मागचा फळका पाडत होता तेवढ्यात पुन्हा तांब्या भरून आणला आणि परत मारलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हा वाटेत पाण्याचा थेंब मारत नसणार. उन्हाळ्यात पानं सुकल्याची तक्रार आली होती ना? ह्याच्याच आळसाने."

फर्डिनंडने मला पुढच्या सीटवर चढवलं. "वैनी, आज शुक्रवार. तुम्ही बोलणार नाही, म्हणजे सगळं मलाच बोलायला लागणार. चालेल ना?" 

मी मान डोलावली. विरार सोडून हायवेला लागेपर्यंत त्याने टेंपोच्या गिअरची, चर्चच्या बँडची, भुईगावच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या लाकडी ओंडक्याची, सगळ्यांची हकिगत सांगितली. एवढं बोलणाऱ्या माणसाला काही लपवायचं असतं का? की लपवायचं असतं म्हणूनच एवढं बोलतो? मला माझीच लाज वाटत होती आणि मी बघतही होते.

खाडीच्या पुलाच्या अलीकडे, चहाच्या टपरीपाशी त्याने गाडी बाजूला घेतली. "दोन मिनिटं हां वैनी." 

तो मागे गेला. फळका पडल्याचा आवाज आला. बघितलंच नाही तर बरं, असं वाटलं, आणि मी दार उघडून खाली उतरले. 

टोपल्यांवरची केळीची पानं त्याने बाजूला केली होती. लाल दोऱ्याची तेवढी एका अंगाला सरकवून ठेवली होती. आणि त्याच्या हातात पत्र्याचा डबा होता. टपरीच्या पिंपातून त्यात पाणी भरून तो ते हाताने टोपल्यांत मारत होता. हळूहळू, कोपरा न चुकवता.

मला बघून तो ओशाळला. "पांडुभाऊंना सांगू नका हां. ते मालक आहेत, पण पाणी मारायला चुकतात. रॉबर्टने तेव्हा पानं सुकली म्हटलं, तेव्हापासून मी इथे थांबून भरपूर मारतो. तिकडे विमानतळाच्या गोदामातल्या हमालालाही सांगून ठेवलंय, तो आणखी एकदा मारतो. तरी काळी का पडतात, देवाला ठाऊक."

मी पुढे होऊन टोपलीत हात घातला. वरची पानं गार होती. खाली बोटं गेली तसं ऊबट लागलं, शिजायला ठेवलेल्या भाजीसारखं. तळाशी पाणी साचलं होतं. उन्हाळ्यात एकदा पानं सुकली म्हणून ह्यांनी पाणी वाढवलं. ह्यांच्यावर विश्वास नाही म्हणून फर्डिनंडने वाढवलं. तेवढ्यानेही भागणार नाही म्हणून गोदामात आणखी. एवढ्या पाण्यात कोंडलेलं पान टिकेल कसं? आणि ज्या टोपलीला कोणी हात लावला नाही, तीच कोरडी राहिली आणि तीच जगली.

फर्डिनंडने पुन्हा डब्यात हात घातला. 

मी त्याचा दंड धरला. मान हलवली. 

"काय झालं वैनी? थांबू? कमी मारलं का?" 

मी पुन्हा मान हलवली. पाण्याच्या डब्याकडे बोट केलं, हात हलवला. तो गोंधळला. "जास्त मारू?" 

देऊळ अजून कितीतरी लांब. तोवर टोपल्या विमानात चढतील. 

"नका," मी म्हटलं. "फर्डिनंडभाऊ, पाणी नका मारू."

डबा त्याच्या हातातून खाली ठेवला गेला. "वैनी, तुमचं मौन!"

"ह्यांनी सकाळी मारलंय. दोनदा. तुम्ही मारत नाही म्हणून." 

तो माझ्याकडे बघत राहिला. मग टोपल्यांकडे, मग लाल दोऱ्याकडे. चेहऱ्यावरचं हसू कुठे गेलं कळलं नाही. 

"म्हणजे तुम्ही देवळाला नाही निघालात."

मी खाली बघितलं. खोटं बोलण्यासाठी मौन मोडलं नव्हतं.

"पांडुभाऊंना वाटलं, मी पानं विकली?"

"हो."

"आणि तुम्हाला, वैनी?"

टपरीवाला आमच्याकडे बघत होता. मी म्हटलं, "मटिल्डाच्या बांगड्या बघितल्या मी. चांगल्या नजरेने नाही बघितल्या."

तो मागे वळला. ताडपत्री ओढून काढली, वडाच्या सावलीत पसरली आणि एकेक टोपली त्यावर उलटी केली. मी पदराने पुसायला लागले तर म्हणाला, "लुगडं कशाला खराब करता?" आणि आपला टॉवेल माझ्याकडे टाकला. आम्ही पानं पुसली, वाऱ्यावर ठेवली, ओली झालेली केळीची पानं फेकून टपरीमागच्या केळीची नवी कापून आणली. टपरीवाल्याने पैसे नको म्हटलं, वर स्वतःच मदतीला बसला. पिशवीत नाडाछडीचं रीळ होतंच, देवीला वाहायचं. ते सगळं टोपल्यांना संपलं.

गोदामात हमाल पाण्याचा डबा घेऊन आला. "आज नाही," फर्डिनंड म्हणाला. "आज सगळ्या देवाच्या आहेत. उघडायच्या नाहीत."

"सगळ्या?" हमाल म्हणाला. "मोठी पूजा दिसते."

"मोठीच आहे," फर्डिनंड म्हणाला. माझ्याकडे मात्र त्याने बघितलं नाही. 

परतताना तो सबंध वाट गप्प होता. आता मौन त्याचं होतं. देवळात मी गेले नाही. मोडलेलं मौन घेऊन देवीपुढे उभं राहायचं मनाला येईना. 

दारात हे वाट बघत उभे होते. "काय केलं त्याने?" 

"पाणी मारलं," मी म्हटलं. "तुमच्यासारखंच. तुम्ही मारलं नसेल म्हणून."

ह्यांना समजायला वेळ लागला. समजल्यावर विहिरीकडे गेले आणि उगीच रहाट फिरवत बसले.

बहारीनला परतलेल्या रॉबर्टचा निरोप आला तो मटिल्डाच्या तोंडून. ती कळ्या घेऊन आली होती, पण ओट्यावरच थांबली. "पानं हिरवी पोचली. शेटजी म्हणतात, पुढच्या वेळीही सगळ्या टोपल्यांना लाल दोरा हवा. दोरा नसेल ती टोपली घेणार नाही."

"मटिल्डा," मी म्हटलं, "आत ये ना."

"फर्डिनंडने सांगितलं मला. बांगड्यांचं." तिने ओंजळीतल्या कळ्या सारख्या केल्या. "त्याला दुसऱ्या कोणाकडून कळलं असतं तर नसते आले. तू स्वतःच त्याला सांगितलंस म्हणून आले." आत आली, पाटावर बसली. "मौन मोडलंस ते? तुझी देवी रागावली असेल."

"दुसऱ्या दिवशी उपास धरला. पण विचारलं नाही अजून."

आता खेपेच्या दिवशी टोपल्या आमच्या अंगणात उघड्या ठेवलेल्या असतात, कोरड्या. हे एकेक टोपली बघतात, मग फर्डिनंड बघतो. दोरा मी धरते. एक गाठ हे मारतात, दुसरी तो. पूर्वी दोघं खूप बोलायचे, आता गाठी मारताना कोणी बोलत नाही. परवा फर्डिनंडची गाठ झाल्यावर ह्यांनी ती हळूच ओढून बघितली. घट्ट आहे की नाही. फर्डिनंडने ते पाहिलं, आणि मग त्यानेही ह्यांची गाठ ओढून बघितली. 

"बघ, बघ," हे म्हणाले. "चांगली बघ."

"बघतोय, पांडुभाऊ," तो म्हणाला. आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडावर हसू आलं. पूर्वीचं नव्हतं ते, पण होतं.